डिझेल मर्सिडीजचे उत्तरायुष्य

आलिशान मोटारींचा इतिहास बहुधा त्यांच्या पहिल्या मालकांच्या अंगाने लिहिला जातो. गाडी कारखान्यातून बाहेर पडली, ती कोणत्या उद्योगपतीने, मंत्र्याने वा नटाने घेतली, प्रदर्शनात तिच्याभोवती किती गर्दी जमली, एवढे सांगून झाले की इतिहासकाराची लेखणी थांबते. त्यानंतर तीच गाडी दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या हातात जाऊन आणखी वीस-पंचवीस वर्षे आणि काही लाख किलोमीटर धावते, हा तिच्या आयुष्याचा मोठा भाग मात्र नोंदीबाहेर राहतो. जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीने १९३६ ते १९८६ या काळात बनवलेल्या डिझेल इंजिनाच्या मर्सिडीज सेडान, म्हणजे चार दारांच्या, पक्क्या टपाच्या आणि मागे सामानासाठी स्वतंत्र डिकी असलेल्या मोटारी, यांच्या बाबतीत ही उणीव विशेष खटकते. या गाड्यांच्या टिकाऊपणाची जी कीर्ती आज जगभर सांगितली जाते, ती थेस्सालोनिकी, कासाब्लांका, बैरूत आणि तिराना येथील टॅक्सीचालकांनी व मिस्तऱ्यांनी मिळवून दिली आहे. पहिल्या मालकांचा तिच्यातील वाटा फारच थोडा.

या इतिहासाची सुरुवातही टॅक्सीपासूनच होते. पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटवले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, तेथे हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. हा दाब सोसण्यासाठी इंजिन जाड ओतीव लोखंडाचे आणि म्हणून जड करावे लागे, ते खडखडे, थरथरे, धूरही सोडी, आणि त्यामुळे जहाजे, गिरण्या व मालमोटारी यांपलीकडे त्याला कोणी विचारत नसे. फेब्रुवारी १९३६ मध्ये बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझने ‘२६० डी’ ही डिझेल मोटार मांडली, तेव्हा तिचे अडीच लिटरचे इंजिन जेमतेम ४५ अश्वशक्तीचे होते. तिचे आकर्षण वेगळे होते: तशाच पेट्रोल गाडीला १०० किलोमीटरला सुमारे १३ लिटर इंधन लागत असताना हिला साडेनऊ लिटर पुरे, शिवाय डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त. दिवसभर रस्त्यावर राहणाऱ्या टॅक्सीवाल्याने हा हिशेब सर्वांत आधी ओळखला. युद्धामुळे १९४० मध्ये उत्पादन थांबेपर्यंत या गाड्या जेमतेम २,००० बनल्या, पण डिझेल मर्सिडीज आणि टॅक्सी यांचे नाते त्यातून जुळले ते कायमचे.

युद्धानंतर १९४९ मध्ये ‘१७० डी’ आली, तिच्यामागून पन्नाशीच्या दशकात ‘१८० डी’ आणि ‘१९० डी’ आल्या, आणि पश्चिम जर्मनीतील टॅक्सीव्यवसायाने त्या जवळजवळ एकमुखाने स्वीकारल्या. तेथील टॅक्सींना १९७१ पासून फिक्या हस्तिदंती रंगाचे बंधन आले, तेव्हा तो रंग आणि मर्सिडीजची डिझेल सेडान ही जोडी लोकांच्या मनात एकजीव झाली. १९७३ च्या तेलटंचाईत पश्चिम जर्मन सरकारने नोव्हेंबर-डिसेंबरमधले चार रविवार खाजगी मोटारी रस्त्यावर आणण्यास बंदी केली, आणि इंधनाच्या काटकसरीचा विचार टॅक्सीच्या धंद्याबाहेरच्या मध्यमवर्गातही शिरला. अशा वातावरणात जानेवारी १९७६ मध्ये ‘डब्ल्यू १२३’ ही मालिका बाजारात आली. (कंपनी प्रत्येक पिढीच्या गाडीला असा अंतर्गत क्रमांक देत असे आणि शौकीन व मिस्तरी आजही तोच वापरतात.) मागणी इतकी होती की नव्या गाडीसाठी दीर्घकाळ थांबावे लागे आणि वर्षभर वापरलेली गाडी नव्याच्या किमतीला विकली जाई. १९८६ च्या सुरुवातीपर्यंत या मालिकेच्या सर्व प्रकारांच्या मिळून सुमारे २७ लाख गाड्या बनल्या.

या मालिकेचे एक वैशिष्ट्य पुढच्या साऱ्या इतिहासाला कारणीभूत ठरले, म्हणून त्यावर थोडे थांबणे अवश्य आहे. कंपनीच्या संचालकाची सहा सिलिंडरची पेट्रोल गाडी आणि स्टेशनाबाहेर उभी असलेली टॅक्सी यांचा सांगाडा, दारे, निलंबन आणि बहुतेक सुटे भाग एकच होते; फरक होता तो इंजिनाचा, आतल्या कापडाचा आणि चकाकीचा. टॅक्सीला झेपेल इतके मजबूत दार त्यामुळे डॉक्टर-वकिलांच्या गाडीलाही मिळाले आणि संचालकाला हवी तशी आरामशीर बैठक टॅक्सीलाही मिळाली. आसनांमध्ये स्प्रिंगांवर काथ्या व घोड्याचे केस रबरात बसवून केलेली गादी असे, जी फोमप्रमाणे दोन-चार वर्षांत बसत नसे. वेगाच्या दृष्टीने पाहिले तर या गाडीला आलिशान म्हणणे कठीण जाईल, कारण ५५ अश्वशक्तीची ‘२०० डी’ ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ घेई. तिचे ऐश्वर्य होते ते शांत चालीत आणि न थकण्यात. याच कसोटीवर डाइमलर-बेंझ आपल्या ग्राहकांना अडीच लाख, पाच लाख, दहा लाख किलोमीटर पूर्ण केल्याबद्दल गाडीच्या जाळीवर लावण्याचे बिल्ले देत असे. गाडीचे रनिंग जास्त आहे ही लपवण्याची नव्हे तर मिरवण्याची गोष्ट आहे, असे मानणारी ही दुर्मीळ परंपरा होती.

टिकाऊपणाचे खरे रहस्य इंजिनाच्या रचनेत आहे. याच मालिकेतल्या ‘२४० डी’ची चावी फिरवली की गाडी लगेच सुरू होत नसे, प्रत्येक सिलिंडरमध्ये बसवलेला हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिनातील पोकळी तापवणारी विजेची छोटी कांडी, आधी लाल व्हावी लागे, आणि ती झाल्याची खूण देणारा दिवा विझला की मग सेल्फ मारायचा. इंधन थेट सिलिंडरमध्ये न फवारता माथ्यातल्या एका लहान कोठडीत फवारले जाई, तिथे ज्वलन सुरू होऊन तापलेले वायू बारीक छिद्रांतून मुख्य पोकळीत येत, त्यामुळे पिस्टन आणि बेअरिंग यांना बसणारा धक्का सौम्य होई. इंधन थोडे जास्त जाळण्याच्या मोबदल्यात इंजिनाला मिळालेले हे दीर्घायुष्य होते. इंधन ढकलणारा बॉशचा पंप संपूर्ण यांत्रिक होता, आणि एकदा सुरू झाल्यावर इंजिन चालू राहण्यासाठी विजेची गरजच नसे. ते बंद करण्यासाठीही वीज नव्हे, निर्वात वापरला जाई: चावी फिरवली की एका नळीतून पंपाकडे ओढ पोचून इंधन तुटे. त्याच निर्वातावर दारांची मध्यवर्ती कुलपे चालत, आणि म्हणून या गाड्यांच्या म्हातारपणी एक विलक्षण दुखणे दिसे. मागच्या दाराच्या कुलपाकडे जाणारी एखादी रबरी नळी चिरली की चावी काढून खिशात घातली तरी इंजिन धडधडतच राही. अशा वेळी बॉनेट उघडून इंजिनावरची ‘स्टॉप’ असे लिहिलेली पट्टी हाताने दाबायची, आणि सवडीने चिरलेली नळी शोधायची. दारातला दोष इंजिनात दिसतो हे ज्याला ठाऊक, तो मिस्तरी जाणता समजला जाई.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की दोष होता, पण तो पाहून, ऐकून आणि बोटांनी चाचपून सापडणारा होता. व्हॉल्व्हची फट ठरावीक अंतराने पातळ पाने आणि फिलर गेज, म्हणजे मोजक्या जाडीच्या पत्र्यांची मापपट्टी, घेऊन जुळवावी लागे; ऑइल वेळेवर बदलावे लागे; टायमिंग चेन ताणली आहे का ते पाहावे लागे. हे नेमाने केले तर इंजिन पाच लाख किलोमीटर सहज जाई, आणि त्यानंतरही ते उतरवून सिलिंडरच्या आतल्या नळ्या, ज्यांना लायनर म्हणतात, त्या बदलून पुन्हा बसवता येई. कंपनीच्या दुकानाबाहेर, साध्या गॅरेजात, लेथ आणि चांगली नजर एवढ्या भांडवलावर होणारे हे काम होते.

असे असता या गाड्या जर्मनी सोडून का गेल्या, याचे उत्तर हवामानात आणि कायद्यात मिळते. हिवाळ्यात तेथील रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. ते चाकांच्या कमानींत, जॅक लावण्याच्या जागी, बॅटरीखालच्या पत्र्यात साचते आणि पत्रा खाते. जर्मन कायद्यानुसार गाडीची दर दोन वर्षांनी तांत्रिक तपासणी होते आणि ती करणाऱ्या संस्थेच्या नावावरून लोक तिला ‘ट्यूफ’ म्हणतात. सांगाडा गंजला असेल तर तिथे गाडी नापास होते, आणि वेल्डिंगची मजुरी त्या वयाच्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होते. परिणामी इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स ठणठणीत, पण पत्र्यापायी बाद ठरलेल्या हजारो मर्सिडीज ऐंशी-नव्वदच्या दशकांत स्वस्तात विकल्या गेल्या. जिथे पाऊस कमी, रस्त्यावर मीठ नाही आणि मिस्तऱ्याची मजुरी परवडणारी, अशा दक्षिणेकडच्या देशांत त्यांना गिऱ्हाईक होते. एका देशाचे तपासणीचे नियम दुसऱ्या देशाची वाहतूकव्यवस्था उभी करतात, याचे इतके स्पष्ट उदाहरण मोटारींच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

या प्रवाहाची सर्वांत प्रसिद्ध व्यक्तिगत नोंद ग्रीसमधली आहे. थेस्सालोनिकीचे टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साखिनिदिस यांनी १९७६ सालची, ‘डब्ल्यू १२३’च्या आधीच्या पिढीतील ‘२४० डी’ १९८१ मध्ये जुनी म्हणून घेतली, तेव्हा ती सुमारे २,२०,००० किलोमीटर धावलेली होती. २००४ मध्ये त्यांनी ती मर्सिडीज-बेंझच्या संग्रहालयाला दिली तेव्हा तिचे रनिंग ४६ लाख किलोमीटर झाले होते. या आकड्याचा गौरव करताना बहुधा एक तपशील गाळला जातो: इंजिन एकच नव्हते. साखिनिदिस इंजिने आलटून पालटून बसवत, एक गाडीत तर दुसरे दुरुस्तीला, आणि त्यामुळे गाडीचा धंदा थांबत नसे. या तपशिलाने विक्रमाला उणेपणा येत नाही, उलट त्याचा अर्थ कळतो. ४६ लाखांचा तो आकडा कारखान्याच्या गुणवत्तेइतकाच एका माणसाच्या शिस्तीचा आहे.

व्यक्तीच्या पातळीवर जे ग्रीसमध्ये घडले ते समाजाच्या पातळीवर मोरोक्कोत घडले. तेथे दोन प्रकारच्या टॅक्सी आहेत: शहराच्या हद्दीत फिरणारी छोटी, आणि गावे-शहरे जोडणारी किंवा मोठ्या शहरात ठरलेल्या मार्गावर धावणारी मोठी, जिला फ्रेंच शब्दाने ग्राँ टॅक्सी म्हणतात. ही मोठी टॅक्सी वेळापत्रकावर सुटत नाही, भरली की सुटते. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकाला वडापची जीप डोळ्यांपुढे आणली तर तिचा सारा व्यवहार समजेल. फरक एवढाच की मोरोक्कोत या कामाला काही दशके जवळजवळ फक्त मर्सिडीज जुंपलेली होती, आणि त्यातही मुख्यतः ‘२४० डी’. चालकाशिवाय सहा उतारू हा नियम होता: चौघे मागच्या आसनावर, दोघे चालकाशेजारच्या एकाच आसनावर. मागच्या चौघांपैकी दोघांनी पुढे सरकून आणि दोघांनी मागे टेकून बसायचे, दार आपटून लावायचे, आणि ज्याला सुटसुटीत बसायचे असेल त्याने दोन जागांचे भाडे भरायचे, असे अलिखित संकेत होते. बऱ्याच गाड्यांत काचा खालीवर करण्याची मूठ एकच उरलेली असे आणि ती चालकाकडून मागून घ्यावी लागे.

मालकीची रचनाही समजून घेण्याजोगी आहे. टॅक्सी चालवण्याचा परवाना हा तेथे सरकारकडून व्यक्तीला मिळणारा अनुग्रह होता, जो माजी सैनिक, खेळाडू आणि गरजू कुटुंबे अशांना दिला जाई. परवानाधारक तो भाड्याने देई, गाडी दुसऱ्याच कोणाची असे, आणि चाकामागे तिसराच बसे. एका गाडीवर अशी तीन-तीन घरे चालायची, तर तिने दिवस बुडवून चालणार नव्हते. जर्मनीत कुटुंबाला ऐसपैस वाटणाऱ्या त्या डिकीवर, दारांवर आणि काथ्याच्या गाद्यांवर सात माणसांचा आणि त्यांच्या बोजांचा भार रोज पडला, ॲटलस पर्वताच्या घाटांतून पडला, आणि तरी ती रचना दोन-तीन दशके टिकली. हे टिकणे आपोआप घडले नाही. बाद गाड्यांचे दरवाजे, गिअरबॉक्स, पंप वेगळे करून विकणाऱ्यांची दुकाने, फक्त पंप बसवणारे, फक्त पत्रा ठोकणारे, फक्त आसने शिवणारे कारागीर, असे श्रमविभागणीचे एक विश्वच या एका गाडीभोवती उभे राहिले. त्याचे लिखित दफ्तर नाही, आणि ते लिहिणारा अभ्यासक अजून मिळायला हवा.

इतर देशांतील प्रवास संक्षेपाने सांगता येतो. लेबनॉनमध्ये सामायिक भाड्याची टॅक्सी म्हणजे जुनी मर्सिडीज हे समीकरण साठीच्या दशकापासूनच रूढ होते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत युरोपातील तरुण जुन्या प्यूजो आणि मर्सिडीज गाड्या घेऊन अल्जीरियातून सहारा ओलांडत आणि पश्चिम आफ्रिकेत त्या विकून प्रवासाचा खर्च काढत; नव्वदीत अल्जीरियातील यादवीमुळे तो मार्ग बंद पडला आणि व्यापार प्रामुख्याने जहाजांनी, कोतोनूसारख्या बंदरांतून होऊ लागला. अल्बानियात साम्यवादी राजवटीत खाजगी मोटार बाळगण्यासच मनाई होती. १९९१ मध्ये ती उठली आणि खडबडीत रस्त्यांच्या त्या छोट्या देशात जुन्या मर्सिडीज अशा लोटल्या की तिरानाचा रस्ता पाहणारा परदेशी थक्क होई.

मोरोक्कोतील या गाडीचा अस्त झाला तो ती मोडल्यामुळे नव्हे. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर निश्चितपणे कर्करोगकारक ठरवला, आणि ज्या शहरांत तीस वर्षांपूर्वीची हजारो डिझेल इंजिने दिवसरात्र चालत होती तेथील हवेचा प्रश्न टाळणे अवघड झाले. शिवाय एका आसनावर दोघे बसत असतील तर सुरक्षापट्टा बांधायचा कोणी, हा प्रश्न होताच. सरकारने २०१४ पासून जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्या टॅक्सीधारकास ८०,००० दिरहॅमपर्यंत अनुदान दिले, आणि मर्सिडीजच्या जागी सात आसनांची डाचिया लॉजी आली, जी तांजिअर येथील कारखान्यातच बनत असे. हा निर्णय योग्य होता असेच म्हणावे लागते. जुन्या गाडीविषयी कितीही ममत्व असले तरी तिच्या धुराची किंमत रस्त्याकडेला राहणाऱ्यांनी मोजली होती, आणि तिच्या सहाव्या उतारूची किंमत प्रत्येक अपघातात मोजली जात होती.

दरम्यान गाडीही बदलली होती. १९९७ मध्ये मर्सिडीजने कॉमन रेल पद्धतीचे डिझेल इंजिन आणले, ज्यात इंधन एका सामायिक नळीत प्रचंड दाबाखाली ठेवून ते कधी आणि किती सोडायचे हे संगणक ठरवतो. धूर आणि खडखड दोन्ही घटले, शक्ती वाढली, पण बोटांनी चाचपून दोष शोधण्याचा काळ संपला. आजच्या आलिशान सेडानच्या म्हातारपणाचा मुख्य प्रश्न येथून सुरू होतो. दहा वर्षांनी गाडीची किंमत नव्या साध्या गाडीइतकी उतरते. तिचे इंजेक्टर, हवेचे निलंबन, नियंत्रक पेट्या यांची किंमत मात्र उतरत नाही, ती नव्या आलिशान गाडीचीच राहते. भारतातल्या सेकंडहँड बाजारात अशी गाडी मोहाने घेणाऱ्याला दुसऱ्याच वर्षी हा फरक कळतो.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध उशिरा, पण खरा आहे. भारतीयांना मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा प्रथम दिसला तो मालमोटारींवर, कारण टाटांची टेल्को कंपनी आणि डाइमलर-बेंझ यांचे १९५४ ते १९६९ असे पंधरा वर्षांचे सहकार्य होते. मोटारी मात्र आयातबंदीच्या काळात परदेशातून परतणाऱ्यांच्या सामानाबरोबर किंवा वकिलातींच्या जुन्या गाड्यांच्या विक्रीतूनच येत. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी स्थापन झाली आणि १९९५ पासून पुण्याजवळ टेल्कोच्या आवारात ‘डब्ल्यू १२४’, म्हणजे ‘डब्ल्यू १२३’ची उत्तराधिकारी, जोडली जाऊ लागली; तिच्या डिझेल प्रकारात तो जुना यांत्रिक पंप अजून होता. त्या गाड्या आज तिशीला पोचल्या आहेत आणि मुंबई-पुण्यात काही निष्ठावंत मालकांनी, कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजाराच्या आधाराने, त्या चालत्या ठेवल्या आहेत.

जर्मनीत ३० वर्षे पूर्ण केलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला १९९७ पासून ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ अक्षराची पाटी मिळते, ठरावीक वार्षिक कर भरून ती रोज वापरता येते आणि शहरांच्या प्रदूषणमर्यादित भागांतही नेता येते. अशा पाटीच्या गाड्यांत ‘डब्ल्यू १२३’ची संख्या मोठी आहे, आणि श्टुटगार्टजवळच्या फेलबाख येथील कंपनीचे केंद्र १९९३ पासून त्यांना सुटे भाग पुरवत आले आहे. भारतात २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ दर्जासाठी ५० वर्षांची अट घातली आणि त्या दर्जाच्या गाडीला रोजच्या वापराची मुभा ठेवली नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते, १ एप्रिल २०२२ रोजी त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर येतो. दिल्ली परिसरात तर १० वर्षांवरील डिझेल गाडी चालवण्यालाच न्यायालयीन आदेशांनी अडथळा आणला. टॅक्सीच्या रोजच्या धुराला लावायचा निकष वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या जतन केलेल्या गाडीलाही लावण्यात न्याय नाही. पंधराव्या आणि पन्नासाव्या वर्षांमधल्या पस्तीस वर्षांसाठी आपल्या कायद्यात वेगळी जागा नाही, आणि पुण्यात जोडलेली पहिली ‘डब्ल्यू १२४’ त्या पन्नासाव्या वर्षाला पोचेल ती २०४५ मध्ये.